मणिकर्ण-खीरगंगेला जाताय? या चुका टाळा

हिमाचलमधल्या पार्वती खोऱ्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांचा पहिला घोटाळा तिकीट काढतानाच होतो. दिल्लीहून थेट मनाली गाठली जाते आणि मग खोऱ्यातल्या कसोल गावासाठी उलटं खाली यावं लागतं. उतरायचं असतं भुंतरला, कुल्लूच्या साधारण १० किलोमीटर अलीकडे. कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवा, कारण भुंतर येतं तेव्हा बहुतेक बस झोपलेली असते. तिथून मणिकर्ण सुमारे ३५ किलोमीटर. अंतर बघून तासाभराचा हिशेब धरू नका. रस्ता अरुंद आहे आणि मे-जूनच्या सुट्ट्यांत तो तुंबतो. कसोल ते मणिकर्ण जेमतेम चार किलोमीटर आहे, त्यामुळे गाडी हलतच नसेल तर सरळ पायी निघा.

खरी गडबड होते ती एक दिवस वाचवण्याच्या नादात. रात्रभर बस, सकाळी कसोल, दुपारी बरशैनी (चढाई सुरू होते ते गाव), संध्याकाळी खीरगंगा, असे आराखडे सर्रास दिसतात. खीरगंगा, म्हणजे डोंगरावरची गरम पाण्याची कुंडं, जवळजवळ २,९५० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसाला २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो, मग सह्याद्रीतले कितीही गड पालथे घातलेले असोत. एक रात्र कसोलला किंवा बरशैनीजवळच्या कलगा-पुलगात काढा आणि सकाळी चढायला लागा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर आहात तिथेच थांबा. त्रास वाढत असेल तर खाली उतरा. ‘वर जाऊन गरम पाण्यात बसलो की बरं वाटेल’ ही समजूत सगळ्यात घातक. गरम पाण्याने आखडलेले पाय मोकळे होतात, उंचीचा त्रास जात नाही.

वाटही विचारून घ्या. बरशैनीहून नकथान आणि रुद्रनागवरून जाणारी वाट रुळलेली आहे, पहिल्यांदा तीच धरा. कलग्याची वाट दाट जंगलातून जाते आणि तिथे चुकणं सोपं आहे. चुकलातच तर नदीच्या दिशेने घळीत उतरू नका, शेवटची ओळखीची खूण होती तिथे परत या. एकट्याने तर जाऊच नका. या खोऱ्यात बेपत्ता झालेले ट्रेकर कमी नाहीत.

आता कुंड. चार-पाच तास चढून घामाघूम अवस्थेत लोक थेट पाण्यात उतरतात आणि अर्धा तास निघत नाहीत. गरम पाण्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो. अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे झटक्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पाणी प्या, काहीतरी खा, श्वास शांत होऊ द्या. १०-१५ मिनिटांनी बाहेर या, हवं तर थोड्या वेळाने पुन्हा उतरा. चक्कर आलेल्याला धरून बाहेर काढा, आडवं करा, पाय उंच ठेवा, अंग कोरडं करून पांघरूण घाला. दारू पिऊन कुंडात उतरू नये. गर्भवतींनी, हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. डोकं बुडवू नका. गरम गोड्या पाण्यात क्वचित आढळणारा एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि तो संसर्ग बहुधा जीवघेणा ठरतो. बायकांसाठी आडोशाचं वेगळं कुंड आहे. साबण-शाम्पू मात्र सॅकमध्येच राहू द्या. लोक या पाण्याला पवित्र मानतात.

मणिकर्णचं प्रकरण वेगळं. तिथे जमिनीतून येणारं पाणी अक्षरशः उकळतं असतं, गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात त्यात शिजतो. तरी ‘बघू किती गरम आहे’ म्हणून बोट घालणारे असतातच! अंघोळ फक्त बांधलेल्या, गार पाणी मिसळलेल्या कुंडांत करायची. आजूबाजूची फरशीही तापते, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नका. भाजलंच तर साध्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, टूथपेस्ट फासू नका.

पार्वती नदीत पाय सोडून फोटो काढायचा मोह टाळा. पाणी बर्फाचं आहे, ओढ जबर आहे आणि पुलग्याजवळ धरण आहे. वर ऊन असलं तरी पाणी अचानक वाढू शकतं. ८ जून २०१४ ला शेजारच्या मंडी जिल्ह्यात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात, बियास नदीपात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. इशाऱ्याच्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये तर बेतच नको. २०२३ च्या जुलैत रस्ते तुटून पर्यटक कसोलमध्ये अडकून पडले होते. कुल्लूजवळचं राफ्टिंगही १५ जुलै ते १५ सप्टेंबर बंद असतं. आणि कसोलच्या गल्लीत कुणी ‘माल’ (चरस-गांजा) पुढे केला तर पुढे चालू लागा, नाक्यांवर झडती होते आणि कायदा पर्यटक म्हणून सूट देत नाही.

रोख पैसे कसोलमध्येच काढा. वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून घरी आधीच कळवा. रात्रीच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, तेव्हा तंबू गृहीत धरू नका, बरशैनीत चौकशी करून मगच चढा. उतरताना शेवटच्या बसची वेळही तिथेच विचारून घ्या.