धीर देताना या चुका टाळा

आमच्या मंडळीत धीर देणाऱ्यांची वानवा नाही. कोणाकडे मयत झाली, कोणाचं ऑपरेशन ठरलं, कोणाचा मुलगा परीक्षेत आपटला, की उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच लोक त्याला गाठतात. मन सगळ्यांचं चांगलंच असतं. तरीही त्या घोळक्यातून बाहेर पडलेल्या माणसाचा चेहरा एकदा नीट बघा. आत शिरताना होता त्याहून जास्त उतरलेला असतो. महिला मंडळाच्या घरभेटींना मी बरीच वर्षं जाते आहे. त्याच त्या चुका इतक्या वेळा पाहिल्यात की सोबत येणाऱ्या नव्या मुलींना आता रिक्षातच बजावते: आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. मुली हसतात, माना डोलावतात आणि चपला काढता काढताच बोलायला लागतात.

दुखवट्याच्या घरात वचन भिरकावणं

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो, म्हणून हिच्यावर सर्वांत जास्त लिहिणार.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन आपल्याकडे सगळ्यांना पाठ. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्याच्या जरा आधी काय लिहिलंय ते वाचा. बाविसाव्या वचनात सगळी सृष्टी कण्हते आहे, तेविसाव्यात आपण कण्हतो आहोत, सव्विसाव्यात तर प्रार्थना कशी करावी हेच आपल्याला कळत नाही आणि देवाचा आत्मा आपल्यासाठी कण्हतो आहे. हे पत्र लिहिणारा पौल इतकं कण्हून मग अठ्ठाविसाव्यावर येतो. आपल्याला मधलं सगळं गाळून थेट तिथे उडी मारायची घाई.

एका घरी सातव्या महिन्यात बाळ गेलं होतं. सून पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली, दूध जिरावं म्हणून छातीशी ओढणी घट्ट बांधलेली. उशाशी पाण्याचा तांब्या, त्याला हातही लावलेला नाही. आमच्याबरोबर एक बाई होत्या. मंडळीत त्यांना मान, प्रार्थना तर अशी करतात की ऐकत राहावं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि सुरूच झाल्या: देवाला आपल्या बागेसाठी कळी हवी होती, बाळा. मग अठ्ठाविसावं वचन. मग दावीद राजाचं उदाहरण. त्याचंही मूल गेलं, पण तो उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, जेवला. तूही ऊठ.

ती मुलगी भिंतीकडे बघतच म्हणाली, “काकू, देवाकडे कळ्या कमी होत्या का?”

कोणी काही बोललं नाही. परतताना रिक्षात बाई म्हणाल्या, पोरीचा विश्वास कच्चा आहे. मला विचाराल तर त्या खोलीतला सर्वांत धीट विश्वास त्या प्रश्नातच होता. निदान ती देवाचं नाव घेऊन काहीतरी विचारत तरी होती. पुढे कितीतरी रविवार ती चर्चला आली नाही. आली तेव्हाही शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद होण्याआधी निघून जायची. त्या घरात तिला पहिल्यांदा बोलतं कोणी केलं, तर बारावीतल्या चुलत नणंदेनं. तिनं नुसतं विचारलं, “वहिनी, नाव काय ठेवणार होतात?” वहिनीनं नाव सांगितलं आणि मग दुपारभर बोलत राहिली.

दावीदाचं उदाहरण देणाऱ्यांनी २ शमुवेलचा बारावा अध्याय पुरता वाचावा. मूल आजारी होतं तेव्हा दावीद उपास करून रात्रभर जमिनीवर पडून राहायचा. घरातले वडीलधारे त्याला उठवायला आले, तो उठला नाही. मूल गेल्यावर उठला तो आपला आपण उठला. म्हणजे हा अध्याय उठवायला येणाऱ्यांच्या बाजूनं मुळीच बोलत नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर यांची आपण टिंगल करतो, पण आपल्यापेक्षा ते बरे. आल्या आल्या ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आपल्याला सात दिवस सोडा, सात मिनिटं जमत नाहीत.

माझी रीत साधी आहे. जायचं, बसायचं, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. नाव घेतल्यानं दुःख वाढतं हा गैरसमज आहे. घरच्यांना तेच नाव ऐकायचं असतं आणि सगळे ते टाळत असतात. कोणी वाचायला सांगितलंच तर मी तेरावं स्तोत्र काढते. सहाच वचनं आहेत आणि सुरुवात “कोठवर?” या प्रश्नानं होते. देवाला असं विचारता येतं, हे कळलं तरी पुष्कळ झालं. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा गेला नाहीत तरी चालेल. दीड-दोन महिन्यांनी जा, तेव्हा कोणी नसतं. आणि पहिला नाताळ विसरू नका. त्या घरात करंज्या-चकल्या होत नाहीत, लेकरं मात्र शेजारच्या घरातला वास घेत असतात. फराळाचं ताट घेऊन जा आणि “सुखी नाताळ” म्हणायचा हट्ट धरू नका.

“प्रभूने मला दाखवलंय”

ही दुसरी. हिची साथ अलीकडे वाढली आहे आणि तरुण मुलं तिच्यात जास्त सापडतात.

आमच्या ओळखीतला एक मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत खाट भाड्याने घेऊन एमपीएससीचा अभ्यास करत होता. निकालाच्या आधी प्रार्थना गटातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्याला फोन केला: तुझं नाव मी यादीत पाहिलंय, प्रभूने दर्शनात दाखवलं. आई बिचारी भोळी. तिनं निकालाच्या आदल्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्षही देऊन टाकली, देवानं मुलाला पास केलं म्हणून. यादी लागली, नाव नव्हतं. त्यावर तेच गृहस्थ म्हणाले, काहीतरी पाप आडवं आलं असणार.

आता काय झालं बघा. नापास झाल्याचं दुःख तो एकट्यानं पचवू शकला असता. दरवर्षी लाखभर मुलं पचवतातच. पण आता त्याच्या गळ्यात आईची साक्ष, त्या काकांचं दर्शन आणि न केलेलं पाप, असं तिहेरी लोढणं. नाताळला घरी आला, पण उपासनेला आला नाही. आई सगळ्यांना सांगत होती, सर्दी झालीय.

या लोकांना मी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचायला सांगते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाचं जू मोडेल, त्यानं मंदिरातून नेलेली पात्रं आणि बंदिवान करून नेलेली माणसं परत येतील. ऐकायला किती गोड! यिर्मया काय म्हणतो? आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. मला हे फार आवडतं. चांगलं व्हावं असं त्यालाही वाटतच होतं. पण पुढे तो हनन्याला तोंडावर सांगतो की परमेश्वरानं तुला पाठवलेलं नाही, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोस. हनन्या त्याच वर्षी मेला.

लगेच पुढच्या अध्यायात यिर्मयाचं बंदिवानांना पत्र आहे आणि आपण पोस्टरवर छापतो ते हिताच्या संकल्पांचं, आशेचं वचन त्याच पत्रातलं, २९:११. त्याच्या आधीच्या दहाव्या वचनात सत्तर वर्षं लिहिली आहेत. पत्राची सुरुवात घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, अशी आहे. म्हणजे लवकर सुटका नाही, तिथेच नीट राहा. पोस्टर छापणारा सत्तर वर्षं कापून टाकतो आणि अकरावं वचन दहावीच्या पोराच्या हातात देतो.

आपल्याला खात्री नाही त्याची हमी देवाच्या नावावर देऊ नका, एवढंच माझं म्हणणं. “तुझं व्हावं असं फार वाटतं, मी रोज मागते आहे” हे खरं आहे, ते म्हणा. त्या मुलाला उभं केलं ते त्याच्या आत्याच्या यजमानांनी. त्यांनी उपदेश केला नाही, खाणावळीचे दोन महिन्यांचे पैसे पाठवले आणि विचारलं, कोणता पेपर अवघड गेला?

“विश्वास कमी पडतोय”

ज्याला झोप येत नाही, जगणंच नको वाटतंय, त्याला हे वाक्य म्हणणारा माणूस मला माझ्यासोबत घरभेटीला नको. मग तो कितीही उपास करो. १ राजे, एकोणिसावा अध्याय. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा हाच माणूस, त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं का? देवदूत येतो, त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो आणि दुसऱ्यांदा पुन्हा खायलाच घालतो. देवाशी बोलणं होतं ते कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर.

गोळ्या बंद करायला तर कधीही सांगू नका. पौलाबरोबर लूक होता आणि कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. प्रार्थना करा आणि डॉक्टरकडे सोबत जा. रात्री-अपरात्री कोणी जिवाचं बरंवाईट बोललं तर त्याला एकटं सोडू नका. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. मी तो पवित्र शास्त्राच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे.

बाकीच्या, पटापट

प्रार्थनेतून बातमी देणं. “प्रभू, आमच्या अमक्या ताईच्या संसारात जो तिसरा माणूस आला आहे...” डोळे मिटलेले, कान टवकारलेले. ज्याचं दुःख त्यानं सांगायला सांगितलं नसेल तर नाव घेऊ नका, देवाला पत्ता ठाऊक आहे.

“प्रार्थनेत आठवण ठेवतो” म्हणून विसरणं. तिथल्या तिथे दोन ओळींची प्रार्थना करा आणि मोकळे व्हा. पुढेही करायची असेल तर वहीत नाव लिहा. मोबाइलमध्ये नको, तिथे ते इतर शंभर गोष्टींखाली गाडलं जातं.

जनरल वॉर्डात मोठ्याने प्रार्थना. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या कोणाची तरी आई असते. शिवाय आपल्या पेशंटला लघवीला जायचं असतं आणि तुमचं “आमेन” काही येत नाही.

पहाटे साडेपाचला मोबाइलवर गुलाबाच्या फुलाच्या चित्रासोबत वचन पाठवणं. नीतिसूत्रे २७:१४ वाचा, भल्या पहाटे मोठ्या आवाजात दिलेला आशीर्वाद शाप गणला जातो म्हणून सांगितलंय. शलमोनाच्या काळी मोबाइल नव्हते, तरी त्याला माणसं ठाऊक होती.

“माझ्या नणंदेलाही अस्साच कॅन्सर होता.” आणि पुढे ती गेली. मग सांगता कशाला?

“काही लागलं तर सांगा.” कोणी सांगत नाही. भुकेल्याला ऊब घ्या, पोट भरा असं नुसतं म्हणणाऱ्यांचा याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात समाचार घेतला आहे. गुरुवारी संध्याकाळी पोळी-भाजी आणते, असं वार धरून सांगा.

सगळ्यांना एकच कौतुक

ही चूक वाटतही नाही, म्हणून जरा थांबते. “देव तुम्हाला खूप वापरतो आहे” हे पाळकसाहेबांना, पेटीवाल्याला आणि संडे स्कूलच्या बाईंना एकाच सुरात म्हटलं, की तिघांनाही काहीच मिळत नाही. दुसऱ्या टोकाला आमची जुनी पिढी: कौतुक केलं तर गर्व होईल, गौरव प्रभूला. म्हणून मंडळीच्या जेवणानंतर पातेली घासणाऱ्यांना वर्षानुवर्षं कोणी बरं म्हटलेलं नसतं. पौलाला ही भीती नव्हती. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण यादी समजून उलटतो, पण तिथे तो माणूस धरून बोलतो. फिबी पुष्कळांच्या उपयोगी पडली. प्रिस्क आणि अक्विला यांनी माझ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. पर्सिसने प्रभूमध्ये फार श्रम केले. काय केलं ते सांगा. “तो नवीन पोरगा रडत होता, तुम्ही त्याला पेटीजवळ बसवलंत, ते मी पाहिलं.” यासाठी आधी बघावं लागतं आणि नवशिक्यांना तेवढाच कंटाळा. त्यांना दहा तयार वाक्यं हवी असतात. माझ्याकडे ती नाहीत.

बोलून बसलात तर

चुकीचं बोललं गेलंच असेल तर दोन-चार दिवसांत परत जा. “परवा मी बोलले ते बोलायला नको होतं,” इतकंच म्हणा. “माझ्या मनात तसं नव्हतं, मला वाटलं होतं की...” हे लांबण लावू नका. नाहीतर त्या घरच्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. फोनवर नको, मेसेजवर तर मुळीच नको. दार उघडलं नाही तर सोबत नेलेला खाण्याचा डबा शेजारी देऊन या. आणि डबा परत मिळेल या हिशोबाने चांगला स्टीलचा नेऊ नका, आइस्क्रीमचा प्लास्टिकचा चालतो.