तोंड नंतर, आधी भोकं

मी आयुष्यभर पोरांना पत्राकाम शिकवलं. त्यामुळे संग्रहालयात लोक काचेपुढे उभे राहून "डोळे बघ कसे केलेत" म्हणत असतात, तेव्हा मी गुडघे वाकवून खालून बघत असतो. बायकोला याची लाज वाटते. पण रोमन आणि केल्टिक (युरोपातल्या जुन्या केल्ट टोळ्यांच्या) सैन्याच्या निशाणांवरची जनावरांची डोकी ओळखायची असतील, तर दुसरा मार्ग नाही. तोंडं सगळीच भयंकर असतात. वस्तू काय कामाची होती, ते सांगतात भोकं आणि कडा.

सुरुवात करा ती काठीपासून. जर्मनीत ऱ्हाइनजवळ नीडरबीबर इथे रोमन किल्ला होता. इ.स. 260 च्या सुमारास तो उद्ध्वस्त झाला. तिथे सापडलेलं ड्रॅकोचं, म्हणजे धातूचं डोकं आणि कापडी शेपूट असलेल्या निशाणाचं, डोकं जेमतेम 30 सेंटिमीटर लांब आहे. दात, खवले, डोक्यावर तुरा, सगळं आहे. पण आधी पाहा ती दांड्याची भोकं: एक वर, एक खाली, समोरासमोर. म्हणजे दांडा डोक्यातून आरपार जायचा. मग मान पाहा. ती मागे उघडीच सुटते, कारण तिथे कापडाची लांब नळी लावायची. जबडा उघडा का, तर वारा आत शिरायला.

ग्रीक लेखक अॅरियन इ.स. 136 च्या सुमारास लिहितो की घोडे उभे असताना ही निशाणं नुसती लोंबकळतात, धावायला लागले की फुगतात आणि फूत्कारतात. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर डेशियन (आजच्या रोमानियाकडच्या) लोकांच्या हातात असेच लांडग्यासारख्या तोंडाचे ड्रॅको कोरलेत. आपल्या हाती आज उरलंय ते फक्त डोकं. निशाणाचा बहुतेक भाग कापड आणि वारा होता. पटत नसेल तर पुठ्ठ्याचं नरसाळं करा, त्याला जुन्या साडीची नळी शिवा आणि काठीला बांधून पळा. मी पहिल्या वेळी शेपटीचं टोक शिवून बंद केलं होतं. नळी उशीसारखी फुगून बसली, हलेना. टोक उसवलं तेव्हा कुठे वळवळली.

मानेला कापडाऐवजी धातूची नळी जोडलेली दिसली, तर ते निशाण नाही, कार्निक्स आहे. म्हणजे केल्टिक लोकांचं उभं धरून वाजवायचं रणशिंग. फरक सोपा, तरी गोंधळ होतो, कारण इथेही तोंड उघडंच असतं. स्कॉटलंडमधल्या डेस्कफर्डला 1816 च्या सुमारास पाणथळ मातीत रानडुकराचं असं डोकं सापडलं. त्या वेळच्या नोंदीत लाकडी जीभ असल्याचं लिहिलंय. ती आता नाही. म्हणून रिकाम्या तोंडाला रिकामं समजू नका. डोळ्यांच्या खोबणी आणि जबड्याचे सांधे पाहा, तिथे काहीतरी बसवलेलं असायचं. 2004 मध्ये फ्रान्समधल्या तँतिन्याकला एका खड्ड्यात सात कार्निक्स मिळाले, आणि बहुतेक तोंडं पुन्हा रानडुकराची. इथे मोडलेल्या कडा बघायला शिका. गंजून झिजलेली कड दातरी आणि भुसभुशीत असते. मुद्दाम मोडलेला पत्रा वाकतो, चुरगळतो. तँतिन्याकची शस्त्रं आणि शिंगं देवाला वाहताना मुद्दाम मोडली होती.

आता गरुड. इथे मी स्वतः फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की पूर्वी लीजनपुढे, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीपुढे, गरुड, लांडगा, मिनोटॉर (बैलाच्या तोंडाचा माणूस), घोडा आणि रानडुक्कर असायचे, सेनापती मारियसने इ.स.पू. 104 मध्ये फक्त गरुड ठेवला. इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरला 1866 मध्ये कांस्याचा गरुड मिळाला. पंख गेलेले, पण रुबाब असा की शोधणाऱ्याला तो लीजनचाच वाटला. फोटो बघून मीही मान डोलावली. मग पंजे नीट पाहिले. नख्या वाकलेल्या आहेत, जणू गोळा धरलाय. दांड्यावर बसणाऱ्या पक्ष्याला खाली खोबण किंवा सपाट बैठक हवी. आता तो एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग मानतात. लीजनचा म्हणून खात्रीने सांगता येईल असा गरुड आजवर एकही मिळालेला नाही.

अख्खी जनावरं सर्वांत अवघड. फ्रान्समध्ये नव्ही-अँ-सुलिआसला 1861 मध्ये सापडलेली रानडुकरं घ्या. अख्खं जनावर निशाण असू शकतं, देवळातला नवसही असू शकतो. पायाखाली आणि पोटाखाली बघा. दांड्याची सोय नसेल, तर "निशाण" म्हणण्याआधी थांबा.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा एकच फोटो असतो, तोही तोंडाचा. मागच्या बाजूने आणि खालून काढलेला फोटो त्यांच्याकडे मागा. मोजपट्टी ठेवलेली असली तर उत्तम.