यात्रेतून आणलेलं घोडं शिकवताना

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोडेबाजार उभा राहतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी नुकरा अशा जातींचे घोडे येतात. चालीला, कानांना, रंगाला, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांना भाव मिळतो. स्वभाव कळतो तो घरी आणल्यावर. 'जवळ येऊ देत नाही', 'तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळला की चावतं' अशा तक्रारी घेऊन मालक येतो, आणि चाबूकस्वाराचं, म्हणजे घोडा शिकवणाऱ्याचं, काम तिथून सुरू होतं.

आधी तोंड उघडून दात बघा, विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर जाऊ नका. पुढच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी पक्की होते, तिच्या शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. मधली जोडी दुधाचीच असेल तर ते शिंगरूच समजा. त्याला हाताखाली वागायला शिकवा, पाठीवर काही नको. खोगीर तीन वर्षांनंतर, आणि पूर्ण काम चार उलटल्यावर. पाठीच्या कण्याची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, म्हणून ज्याच्यावर लवकर स्वार बसतो त्या घोड्याची पाठ पुढे दुखरी राहू शकते.

पहिला आठवडा शिकवायचं काहीच नाही. प्रवासाने शिणलेल्या घोड्याचा चारा एकदम बदलला तर पोटदुखीचा धोका असतो, आणि घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे ही पोटदुखी जिवावर बेतू शकते. विकणाऱ्याकडून जुना चारा थोडा मागून आणा आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू दादर ज्वारीच्या कडब्यावर आणा. कोवळी हिरवी ज्वारी देऊ नका. त्याने मूत्राशय आणि मागचे पाय बिघडतात. नवं जनावर दोन-तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळं ठेवा, आणि पशुवैद्याकडून ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. तो रोग माणसालाही होतो.

आता मुख्य गोष्ट. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो. नवखा माणूस दोर ओढायला लगेच शिकतो, सोडायला त्याला महिने लागतात.

म्होरकी आणि बारा फुटी सुती दोर घ्या. खांद्याच्या बाजूने, तिरकं जवळ जा. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. दोर दोन बोटांनी पुढे ताणा, हिसका नको, आणि थांबा. घोडा आधी मान ताणून विरोध करील. तुम्ही ताण वाढवू नका, कमीही करू नका. त्याने पाय उचलायची गरज नाही. त्याचं वजन नुसतं पुढे सरकलं तरी त्याच सेकंदाला दोर ढिला करा. मोजून दहा श्वास उभे राहा, मग पुन्हा. काही वेळाने दोराचं नुसतं वजन जाणवलं तरी तो पाऊल टाकतो.

बिघडतं ते इथेच. घोडा पुढचे पाय उचलून उभा राहिला आणि घाबरून तुम्ही दोर सोडला, तर तो 'उभं राहिलं की सुटका' हे शिकला. पुढच्या वेळी आधीच उभा राहील. अशा वेळी बाजूला सरकून ताण तेवढाच धरून ठेवा आणि चारही पाय जमिनीवर टेकताच सोडा. दुसरी चूक सतत ओढत राहण्याची. त्याने तोंड आणि मान निबर होते. आणि डाव्या बाजूने शिकवलेलं सगळं उजव्या बाजूने नव्याने शिकवा, नाहीतर एका बाजूने शहाणं घोडं दुसऱ्या बाजूने बुजतं.

घोडा मोकळा फिरवायला गोल रिंगण पन्नास-साठ फूट व्यासाचं, खाली वाळू. काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगांत खूर अडकतो. एका वेळी पंधरा मिनिटं पुरे, दोन्ही दिशांनी. आतला कान तुमच्याकडे वळला, मान खाली आली की पाठ फिरवून दोन पावलं दूर जा. बहुतेक घोडे तुमच्या मागोमाग येतात. तोंड चघळणं म्हणजे 'समजलं' असं सर्रास सांगतात, पण ते भीती ओसरल्याचंही लक्षण असतं. दमेपर्यंत पळवणं मात्र शिकवणं नव्हे. त्याने घोडा शांत होत नाही, नुसता थकतो.

खोगिराचा तंग तीन टप्प्यांत आवळा, मधे चार पावलं चालवा. साधा, मधे सांधा असलेला जोडाचा लगाम वापरा. काटेरी लगाम प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी बंद आहे, तरी बाजारात मिळतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत ठेवा: ३०० किलोच्या घोड्यावर ६० किलो. बसण्याआधी काही दिवस पाठीवर नुसते आडवे पडा आणि उतरा.

वरातीच्या घोड्याला डीजे आणि फटाक्यांची सवय अंतराने लावतात. घोडा चारा खात राहील एवढ्या लांब आवाज ठेवायचा, खाणं थांबलं तर आणखी लांब न्यायचा. बांधून ठेवून जवळ फटाके फोडले की तो गप्प उभा राहतो, त्याला लोक सवय म्हणतात. पुढे लहान मुलं भोवती असताना तोच घोडा दुगाण्या झाडतो. काठी मारून शिकवलेलं नाचकामही याच जातीचं.

एप्रिल-मे महिन्यांत खान्देशात काम सकाळी आठच्या आत उरका. विसाव्याला घोड्याचे श्वास मिनिटाला आठ ते सोळा असतात. काम थांबवून पंधरा मिनिटांनीही धाप उतरत नसेल तर सावलीत घ्या, सगळ्या अंगावर गार पाणी ओतत राहा आणि पशुवैद्याला फोन लावा.

कामाचं ठरवताना मालकाला मुदत स्पष्ट सांगा: कोऱ्या घोड्यावर शांतपणे बसता यायला दोन-तीन महिने. 'पंधरा दिवसांत नाचता करून द्या' म्हणणाऱ्याचं घोडं घेऊ नका. पैसे ठरवताना चंदी (दाणा), नालबंद आणि औषधाचा खर्च वेगळा लिहून घ्या. भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात.