बडोद्याहून कोकण: सगळं बघायच्या नादाला लागू नका

आमच्याकडे दांडिया बाजारात कोणी कोकणात जायचं काढलं की आधी यादी निघते, गणपतीपुळे, पावस, मालवण, तारकर्ली, आंबोली, आणि मग कोणीतरी म्हणतंच की एवढं गेलोच आहोत तर गोवा पण उरकून येऊ. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण असेच टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो, सहातले तीन दिवस गाडीतच गेले, आत्याला घाटात उलट्या, आणि समुद्र बघितला तो बहुतेक खिडकीतूनच. त्यानंतर दोनदा ट्रेनने गेलो तेव्हा कुठे जमलं.

तर आधी केव्हा जायचं ते. भर पावसात, म्हणजे जुलै-ऑगस्टला, सह्याद्री बघावा, पण तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी, म्हणजे ताजे मासे नावालाच. उन्हाळ्यात आंबे असतात पण घाम असा की नको जीव. (हापूस का केसर हा वाद कृपया तिथे काढू नका, मी काढला होता, यजमान अर्धा तास गप्पच झाले.) आपल्यासाठी बेस्ट टाइम म्हणजे कोजागिरी ते दिवाळी मधले पंधरा दिवस. नवरात्रात गरबा सोडून बडोद्याचं कोण हलणार, आणि दिवाळी लागली की सगळं पुणं-मुंबई तिकडे उतरतं. या मधल्या दिवसांत होड्या सुरू झालेल्या असतात, डोंगर अजून हिरवे असतात, धबधबे बारीक झालेले पण असतात.

जायला गुजरातहून केरळकडे जाणाऱ्या गाड्या बडोद्यावरून कोकण रेल्वेनेच जातात, ओखा-एर्नाकुलमसारख्या. रत्नागिरीला उतरा. रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा, नंतर वेटिंगच बघायला मिळतं. जाताना दिवस असेल तर रत्नागिरीच्या आधी साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो, आमच्या पोरांनी तो संपेपर्यंत श्वास धरायची पैज लावली आणि अर्थातच सगळे हरले.

आता मुद्द्याचं, मुक्काम फक्त दोन ठेवा. एक रत्नागिरीकडे, एक मालवणला, बास.

रत्नागिरीला थिबा राजवाडा बघा, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं, 1916 मध्ये तो इथेच गेला. पण खरा दिवस द्यायचा तो सागरी रस्त्याने दक्षिणेला, पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला. कशेळीचं कनकादित्याचं देऊळ आपल्या लोकांनी तर बघावंच, कारण तिथली सूर्याची मूर्ती सौराष्ट्रातून, सोमनाथकडून जहाजाने आली अशी आख्यायिका सांगतात. म्हणजे तीपण आपल्याकडचीच निघाली! तिथून जवळच कड्याखाली देवघळीचा छोटा समुद्रकिनारा आहे, उतार सरळसोट, गुडघेवाल्यांनी वरूनच बघावा. आणि त्याच भागातली कातळशिल्पं सोडू नका, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कोरलेला प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी. दुपारी बारा वाजता गेलात तर काळा दगड दिसेल फक्त, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा, रेषा मग एकदम उठून दिसतात. वर पाय ठेवू नका आणि पोरांनाही ठेवू देऊ नका.

गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, डोंगराची प्रदक्षिणा करा, पण समुद्रात खोल जाऊ नका, तिथलं पाणी दगाबाज आहे.

मालवणला सिंधुदुर्ग. 1664 ला महाराजांनी काम सुरू केलं. होडीतून बघत राहा, दरवाजा दिसतच नाही, नुसता तट, आणि अगदी जवळ गेलं की त्या वळणात तो अचानक सापडतो. आत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे हे. सकाळची पहिली-दुसरी होडी पकडा, अकरानंतर नुसती रांग. गाइड घ्या, आमचा गाइड किल्ल्यातच राहणारा होता, त्याने साखरबावचं पाणी काढून आजीच्या ओंजळीत घातलं, ती ते घरी बाटलीत न्यायला निघाली होती.

खाण्याचं सांगतो. मासे खाणाऱ्यांना काय सांगायचं, त्यांचं ते बघतील. शाकाहारी लोकांनी मात्र थेपले आणि लीलो चिवडो यावर आठवडा काढू नका, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी मागा, घावणे मागा, केळीच्या पानावर ताट मागा. आमटीत आपल्यासारखी साखर नसते, दुसऱ्या दिवशी सवय होते. सोलकढी ताकासारखी ग्लासभर गटागट पिऊ नका, जेवण संपताना थोडी थोडी.

आंबोली मालवणहून एक दिवसात होते, वाटेत सावंतवाडीला लाकडी खेळणी घ्या. धबधब्यावर गर्दी असते, मी तर सरळ हिरण्यकेशीला जा म्हणेन, नदी गुहेतून निघते तिथे देऊळ आहे, 2020 मध्ये त्याच पाण्यात माशाची नवीन जात सापडली. आंबोलीतल्याच कावळेसादच्या कड्यावर वाऱ्याने पाणी उलटं वर उडतं ते बघायचं असेल तर मात्र पावसातच यावं लागेल.

परतताना मालवणजवळच्या कुडाळ स्टेशनहून थेट गाडी नसेल तर मुंबईपर्यंत या, पुढे बडोद्याच्या गाड्यांना तोटा नाही. उजेडात निघालात तर रत्नागिरीच्या अलीकडे 64 मीटर उंच पानवलचा पूल लागतो, दारात उभं राहू नका, खिडकीतूनच बघा. आणि कोकम आगळ घेणार असाल तर बाटलीच्या झाकणाखाली प्लास्टिक लावून रबर घट्ट बांधा, माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर अजून गुलाबी नकाशा आहे.