गुलाबी रंग आला, पण म्हणून रक्त म्हणू नका : फॉरेन्सिक लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

फॉरेन्सिक लॅबमध्ये रुजू होताना बहुतेकांच्या डोक्यात डीएनए असतो. सुरुवातीला हातात येतात ती मात्र पाकिटं, सीलं आणि नोंदवह्या. कंटाळू नका. कोर्टातली उलटतपासणी इथूनच सुरू होते : सील शाबूत होतं का, नमुना मोहोरेशी (सोबत पाठवलेल्या सीलच्या ठशाशी) जुळलं का, पाकीट कोणी आणि कधी उघडलं. उघडण्याआधी फोटो काढा, सील तसंच ठेवून पाकीट दुसऱ्या बाजूने कापा. ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधून आले असतील तर तशी नोंद करून सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. दमट कापडावरचे जिवाणू आणि बुरशी डीएनएची वाट लावतात.

नवखे अडकतात ते पुढे, डाग रक्ताचा असू शकतो का हे बघणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीन चाचणीत. गाळणकागदाने डाग हलकेच घासा. त्यावर अल्कोहोलचा एक थेंब, मग फिनॉल्फ्थॅलीन अभिकर्मकाचा. आता थांबा. काही सेकंद नुसतं बघा. कागद आत्ताच गुलाबी झाला तर डागात दुसरंच काही ऑक्सिडीकारक आहे. तो निकाल धरायचा नाही. रंग आला नाही, तरच हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. गुलाबी रंग काही सेकंदांतच उमटला पाहिजे. बऱ्याच वेळाने येणारा गुलाबीपणा हवेमुळेही येतो, तो मोजू नका. वेळ वाचवायला दोन्ही थेंब लागोपाठ टाकले, तर रंग कशामुळे आला हे कुणालाच सांगता येणार नाही.

शिवाय मुळा, बटाटा यांच्यातल्या पेरॉक्सिडेजनेही रंग येऊ शकतो, आणि प्राण्याचं रक्तही अगदी असंच वागतं. म्हणून वहीत लिहा, ‘प्राथमिक चाचणी सकारात्मक’. ‘रक्त’ हा शब्द रक्ताची खात्री करणाऱ्या ताकायामा चाचणीत स्फटिक दिसल्यावर, आणि ‘मानवी’ हा त्याच्याही पुढच्या चाचणीनंतर. दरवेळी माहीत असलेलं रक्त, कोरा कागद आणि डागाशेजारचा स्वच्छ भाग हे तिन्ही तुलनेसाठी (‘कंट्रोल’ म्हणून) सोबत तपासा. ‘कंट्रोल कशाला, रंग ओळखता येतो की’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे शिकू नका. गुरू करायचाच तर तुमची वही लाल शाईने भरून परत देणारा करा.

विषशास्त्र विभागात असाल तर बरणीत व्हिसेरासोबत (मृतदेहातून काढलेल्या अवयवांसोबत) काय घातलंय ते आधी वाचा. फॉर्मॅलिनमध्ये आलेल्या अवयवांतून बरीच विषं शोधणं अवघड होऊन बसतं. मद्याच्या तपासणीसाठी आलेल्या रक्तात सोडियम फ्लोराइड आहे ना, तेही बघा, नाहीतर सूक्ष्मजीव बाटलीतच अल्कोहोल तयार करतात.

तपास अधिकाऱ्याला ठाम उत्तर हवं असतं, आणि फोनवर ते जाणवतं. तरीही ‘निष्कर्ष काढता येत नाही’ हा पूर्ण, प्रामाणिक अहवाल आहे. तो लिहिल्याने तुम्ही कमी पडत नाही. डाग टाचणीच्या डोक्याएवढाच असेल तर रंगचाचणीचा मोह टाळा, आधी वरिष्ठांशी बोला आणि तो सगळा डीएनएसाठी राखून ठेवा.