वकिलातीच्या पाहुण्यांचा गट आणि खानदेशातला स्वयंसेवक: सुरुवात कुठून करायची?

मुंबई-दिल्लीत परदेशी वकिलातींमधले अधिकारी, त्यांची कुटुंबं आणि इथले स्वयंसेवक मिळून सांस्कृतिक देवाणघेवाणीचे गट चालवतात. कुठे एकमेकांच्या घरचा स्वयंपाक, कुठे भाषेच्या गप्पा, कुठे लेण्यांची सहल. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाला वाटतं, हे आपलं काम नाही. त्याला फाडफाड इंग्रजी हवं, वरपर्यंत ओळख हवी. पण इंग्रजी बोलणारे मुंबईत पायलीला पन्नास मिळतात. आपला मुलूख नीट दाखवणारा माणूस मात्र शोधावा लागतो. म्हणून आधी स्वतःकडे काय आहे ते बघा, गट मग शोधा.

काय दाखवणार, ते ठरवा

‘खानदेशी संस्कृतीची ओळख करून देईन’ असं मोघम लिहिलं तर कुणी उत्तर देणार नाही. एकच गोष्ट धरा. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांच्या कविता तुम्हाला पाठ असतील तर तेवढं पुरे. दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार, अमळनेरचं १९१६ सालचं तत्त्वज्ञान मंदिर, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, जळगावचं गांधीतीर्थ, यांपैकी जे तुमच्या पायाखालचं असेल ते घ्या.

समोरचा देश कोणता, तेही पाहा. अजिंठ्याला जायला जळगाव स्टेशन सोयीचं, आणि तिथल्या जतन-पर्यटनाच्या प्रकल्पाला जपानचं कर्ज मिळालेलं आहे. जपानी मंडळींशी बोलणं तिथून सहज सुरू होतं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेला ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळचा स्वयंसेवक ब्रिटिश पाहुण्याला याहून चांगलं निमित्त काय देणार?

दार कुठलं ठोठवायचं

महाराष्ट्राचं काम बरेच देश मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून बघतात. ज्यांचं तिथे कार्यालय नाही, त्यांच्यासाठी दिल्ली. दूतावासाच्या सांस्कृतिक किंवा जनसंपर्क विभागाला लिहा, व्हिसा विभागाला नाही. आपल्या बाजूने परराष्ट्र मंत्रालयाखालची भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून हेच काम करते. तिची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तरुणांसाठी सगळ्यात सोपी वाट भाषेची: जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज. वर्गात बसलेल्याला कार्यक्रमांची खबर आपोआप लागते. जिल्ह्यातला रोटरी क्लबही विचारून बघा. त्यांच्या युवा-विनिमयात परदेशी मुलं घरात राहायला येतात, आणि यजमानपणाची सवय तिथे होते.

काही गट खुली नोंदणी घेत नाहीत, जुन्या सदस्याच्या शिफारशीवर घेतात. तेव्हा आधी सगळ्यांना खुल्या असलेल्या कार्यक्रमांना हजेरी लावा.

पत्र

एक पान, त्याहून जास्त नको. नाव, गाव, काय करता, काय दाखवू शकता, कुठल्या महिन्यात, आणि मुंबईला किती वेळा येणं जमेल. सोप्या इंग्रजीत लिहा. आमदारांचं शिफारसपत्र जोडू नका. त्याने काम होत नाही, उलट वेगळाच वास येतो.

आणि व्हिसाचा विषय काढायचाच नाही. ‘आमच्या पोराचं तेवढं बघा’ म्हणणारा माणूस पुढच्या यादीत नसतो. व्हिसाचा निर्णय सांस्कृतिक विभागाच्या हातात नसतोच.

पहिली भेट

बैठक दूतावासाच्या आवारात असेल तर यादीत नाव आधी कळवावं लागतं आणि दाराशी सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. मोबाइल, लॅपटॉप, मोठी बॅग बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आणि ठेवायची सोय असेलच असं नाही. रात्रीच्या गाडीने सामान घेऊन उतरणाऱ्याने ते स्टेशनवर ठेवूनच पुढे जावं. दिलेली वेळ म्हणजे वेळ. सुरुवातीला खुर्च्या मांडणं, नावं नोंदवणं असली कामं येतील. ती निमूट करा, त्यातच माणूस पारखला जातो.

राजनैतिक अधिकाऱ्याने यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात पडायचं नाही, असं १९६१ चा व्हिएन्ना करार सांगतो. तेव्हा निवडणुका, आरक्षण, काश्मीर यावर मत विचारून त्याला कोंडीत पकडू नका.

पाहुणे खानदेशात आले तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात कुणाला आणू नये. अजिंठा सोमवारी बंद असतं, हे विसरल्यामुळे सहली फुकट गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

शेतातल्या भरीत पार्टीइतकं चांगलं निमित्त दुसरं नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाता जाता सांगा. पण पाहुण्याला खरी मजा येते ती पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजताना, साल काढताना बोटं पोळताना आणि लाकडी बडगीत भरीत ठेचताना. त्याला बघत बसवू नका, हातात मुसळी द्या. सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात. मिरची वेगळी ठेचून बाजूला ठेवा, ज्याची त्याने घ्यावी.

एक गोष्ट मात्र आठवडाभर आधी विचारून घ्या: शेंगदाणा चालतो का? आपल्याकडे भरीत असो, शेवभाजी असो, दाणे किंवा दाण्याचा कूट कुठे ना कुठे असतोच. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि ‘थोडंच आहे, खाऊन बघा’ हा आपला लाडका आग्रह तिथे घातक ठरतो. स्वच्छ स्वच्छतागृह आणि सीलबंद पाणी यांची सोय आधी स्वतः जाऊन बघा.

सत्कार दहा मिनिटांत आटपा. शाल, श्रीफळ, टोपी झाली की झालं. मंचावरच्या मान्यवरांची भाषणं लांबली की पाहुणा कंटाळतो आणि भरीत गार होतं.

कानबाईच्या उत्सवात किंवा सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला न्यायचं असेल, तर ज्यांचा उत्सव आहे त्यांना आधी विचारा. फोटो काढायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

कायद्याचं थोडं

परदेशी माणूस तुमच्या घरी मुक्कामाला राहिला, तर त्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणीच्या ऑनलाइन पोर्टलवर भरावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालय बघतं. राजनैतिक पासपोर्टवाला पाहुणा असेल तर काय लागतं, ते तिथेच आधी विचारा. मंडळाने परदेशातून देणगी घ्यायची तर २०१० च्या परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. ती नसेल तर ‘खात्यावर पाठवा’ म्हणूच नका. ज्याचा त्याचा प्रवासखर्च त्याने करावा, हे उत्तम. सरकारी नोकरांना परदेशी यजमानाच्या खर्चाने बाहेर जाण्याआधी केंद्राची परवानगी लागते.

नंतर

परदेशी अधिकारी काही वर्षांत बदलून जातात. त्या कार्यालयातले भारतीय कर्मचारी सहसा टिकून असतात, म्हणून ओळख त्यांच्याशीही ठेवा. भेटीनंतर आठवड्याच्या आत आभाराची मेल आणि मोजके फोटो दोघांनाही पाठवा. साहेबांच्या बदलीची कुणकुण लागली की नव्या अधिकाऱ्याशी गाठ घालून द्यायला सांगा, आणि पुढच्या हिवाळ्याच्या तारखा त्याच मेलमध्ये कळवून टाका.