डिस्क पुसणारं ओपन-सोर्स टूल लिहिताना

नागपुरात बर्डीच्या बाजारात जुना कॉम्प्युटर विकायला नेण्याआधी बहुतेक जण डिस्क क्विक फॉरमॅट करतात. त्याने फाइलींची यादी जाते, मजकूर जागेवरच राहतो. तो पुसणारं टूल लिहायला घेतलंत तर पुसण्याचा कोड सगळ्यात छोटा निघेल. खरी मेहनत आहे ती भलतीच डिस्क पुसली जाऊ न देण्यात आणि काय पुसलं गेलं नाही ते कबूल करण्यात.

लिनक्सवर डिस्कना मिळणारी एसडीए, एसडीबी ही नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. म्हणून मॉडेल, क्षमता आणि सिरियल नंबर दाखवा, आणि सिरियलची शेवटची ४ अक्षरं टाइप करून घ्या. नुसत्या 'वाय'वर (यस) भागवू नका, ते बोट सवयीनेच दाबलं जातं. डिस्क एक्सक्लुझिव्ह पद्धतीने, म्हणजे दुसरं कोणी वापरत नसेल तरच, उघडा. माउंट (वापरासाठी जोडलेली) असेल तर कर्नलच 'बिझी' म्हणून नकार देतो.

आजच्या हार्ड डिस्कला एक ओव्हरराइट, म्हणजे सगळ्या जागेवर एकदा दुसरं काही लिहिणं, पुरतो. संशोधक पीटर गुटमन यांनी सुचवलेल्या ३५ फेऱ्या १९९६ सालच्या, त्या वेळच्या आणि त्याआधीच्या एन्कोडिंगसाठी (डिस्कवर डेटा नोंदवण्याच्या पद्धतींसाठी). सेकंदाला १५० एमबी धरले तरी १ टीबीच्या एका फेरीला १ तास ५० मिनिटं लागतात. पस्तीस म्हणजे अडीच दिवसांहून जास्त, आणि हाती जास्तीचं काही नाही. लिहायचा रँडम डेटा एका सीडवरून (सुरुवातीच्या आकड्यावरून) तयार करा, म्हणजे पडताळणीत तोच पुन्हा काढून ताडता येतो. इथे हमखास फसगत होते: वाचन पेज कॅशमधून (मेमरीतल्या प्रतीतून) झालं तर डिस्कवर काही न पोचताही पडताळणी 'पास' होते. वाचताना डायरेक्ट आय-ओ वापरा, तो कॅश टाळून थेट डिस्कवरून वाचतो. लिहिल्यावर एफसिंकचा (डेटा डिस्कवर पोचवायला सांगणाऱ्या कॉलचा) निकालही तपासा, कारण लिहिण्यातले एरर बरेचदा तिथेच कळतात.

एसएसडीवर ओव्हरराइटचा भरवसा नाही. एसएसडीने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या फ्लॅश मेमरीपर्यंत तो पोचत नाही. त्याऐवजी डिस्कच्याच पुसण्याच्या कमांड वापरा: साटा जोडणीची असेल तर एटीए सिक्युअर इरेज, एनव्हीएमई जोडणीची असेल तर सॅनिटाइझ किंवा फॉरमॅटमधला युजर-डेटा इरेज. बऱ्याच यूएसबी केसिंगमधून या कमांड पुढे जात नाहीत, तेव्हा डिस्क थेट बोर्डाला जोडा. डिस्क 'फ्रोझन' (या कमांड रोखलेली) दिसली तर मशीन सस्पेंड करून जागं करा, बहुधा सुटते. एटीए इरेजआधी डिस्कवर पासवर्ड बसवावा लागतो. मध्येच लाइट गेली तर डिस्क लॉक राहते, म्हणून पासवर्ड एकच ठरलेला ठेवा आणि रीडमीत (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलीत) ठळक छापा.

नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, आणि बऱ्याच हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश. स्मार्टमधून (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींतून) तापमान वाचून ५५ला टूलने थांबावं, निवल्यावर त्याच सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) पुढे जावं. डिस्कवर पंखा चालेल. कुलरचा ओला झोत नको.

चाचणीला खरी डिस्क लावू नका. २५६ एमबीची फाइल लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे डिस्कसारखी दिसेल अशी, जोडा, लिनक्सच्या डिव्हाइस-मॅपरच्या 'एरर' टार्गेटने मधले काही सेक्टर खराब करा आणि टूल ते अहवालात दाखवतं का बघा.

रीडमीची सुरुवात मर्यादांनी करा: रीअलोकेट झालेले (खराब म्हणून डिस्कने बाजूला काढलेले) सेक्टर आणि एचपीएत, म्हणजे सिस्टिमला न दिसणाऱ्या राखीव जागेत, लपलेला भाग साध्या ओव्हरराइटमध्ये सुटतो. अहवालात सिरियल, पद्धत, टूलची आवृत्ती, सुरू-बंद वेळ आणि न लिहिता आलेल्या सेक्टरांचे पत्ते हवेतच. एकही सेक्टर राहिला तर एक्झिट कोड शून्य ('सगळं ठीक') देऊ नका. लोक स्क्रिप्टमधून तेवढाच बघतात.